कृष्णधवल प्रिंट हिरवट मारतो, मग जांभळट, मग पुन्हा हिरवट: दर वेळी उगवणाऱ्या कलर कास्टचं काय करायचं

कृष्णधवल फोटोचा प्रिंट काढला की तो हिरवट मारतो. हेड क्लिनिंग केलं की चार दिवस बरा येतो, मग जांभळट. ड्रायव्हरमध्ये काहीतरी बदललं की जमतं, आणि पावसाळा लागला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. घरच्या इंकजेटवर प्रिंट काढणाऱ्यांपैकी बहुतेकांची ही कलर कास्टची, म्हणजे नको असलेल्या झाकेची, तक्रार असते. तिच्यातली गोम अशी, की कारण दर वेळी वेगळं असतं आणि दिसतं मात्र सारखंच. म्हणून मागच्या वेळी लागू पडलेला उपाय या वेळी पडत नाही.

यावर लोक सगळ्यात आधी प्रोफाइल (अमुक प्रिंटर अमुक कागदावर रंग कसे छापतो याची नोंद असलेली फाइल) विकत घेतात किंवा नवं सॉफ्टवेअर उतरवून घेतात. ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. नोझल, म्हणजे हेडमधली शाई सोडणारी बारीक छिद्रं, बंद असताना बनवलेलं प्रोफाइल म्हणजे त्या बिघाडाचं प्रोफाइल, दुसरं काही नाही.

राखाडीत रंग येतो कुठून

एपसनचा एल८०५ घ्या किंवा ए३ प्लस आकाराचा एल१८००. छोट्या स्टुडिओंमध्ये आणि हौशी मंडळींकडे हेच जास्त दिसतात. यांत शाया सहा: काळी, सायन, मॅजेंटा, पिवळी, फिकी सायन आणि फिकी मॅजेंटा. काळी एकच. फिकट राखाडी नुसत्या काळ्या शाईनं काढायचा म्हटलं तर ठिपके लांब लांब पडतात आणि डोळ्याला दिसतात. म्हणून फोटो पेपरवर ड्रायव्हर मधले राखाडी रंगीत शायांच्या मिश्रणातून तयार करतो. म्हणजे आपण ज्याला कृष्णधवल म्हणतो तो प्रत्यक्षात तोलून धरलेला रंगीत प्रिंट असतो.

तोल कुठे ढळला हे झाकेवरून कळतं. मॅजेंटा कमी पडली की हिरवट, सायन कमी पडली की लालसर, पिवळी कमी पडली की निळसर. पैठणीच्या रंगीत फोटोत एवढा फरक कुणाच्या खिजगणतीतही नसतो. राखाडीत मात्र तो लगेच डोळ्यात भरतो, कारण तिथे झाक लपायला दुसरा रंगच नसतो.

यावरचा यंत्राच्या बाजूनं निघालेला उपाय म्हणजे राखाडी शाया. एपसननं २००५च्या सुमारास के३ शाया आणल्या, त्यांत काळ्यासोबत दोन फिकट काळ्या होत्या: लाइट ब्लॅक आणि लाइट लाइट ब्लॅक. शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरांमध्ये एल८१८० मध्ये एक ग्रे शाई आहे. राखाडी शाया असल्या की मधल्या छटा बहुतांशी त्यांच्यातूनच निघतात आणि रंगीत शाई चवीपुरती लागते. त्रास कमी होतो, संपत नाही.

आधी पट्टी काढा, फोटो नंतर

आवडत्या फोटोवर चाचण्या करू नका. सिंहगडावरच्या धुक्याच्या फोटोत कास्ट कुठे आहे आणि धुकं कुठे, हे कुणालाच सांगता येणार नाही. एकवीस चौकोनांची राखाडी पट्टी बनवा: ० टक्के, ५, १०, असं करत १०० पर्यंत. फाइल ग्रेस्केलमध्ये, ग्रे गॅमा २.२ वर. एकदा जतन केलेली ही फाइल पुन्हा उघडून सुधारायची नाही. चार बाय सहाच्या कागदावर प्रिंट काढायचा आणि मागे पेन्सिलीनं लिहायचं: तारीख, कागद, ड्रायव्हरमध्ये निवडलेला मीडिया टाइप, कोणतं सेटिंग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कंटाळवाणं आहे, पण याशिवाय पुढचं सगळं अंधारात तीर.

आता पट्टी वाचायची. प्रिंट निदान काही तास, डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) असेल तर एक रात्र सुकू द्या. मग खिडकीशी न्या, पण थेट उन्हात नको.

सगळे चौकोन एकाच बाजूला झुकलेत, म्हणजे २० टक्केही किंचित हिरवट आणि ८० टक्केही तसाच, तर ते सोपं प्रकरण आहे. एखाद्या शाईचा पुरवठा कमी आहे किंवा सेटिंग चुकलंय. फिकट चौकोन हिरवे आणि गडद चौकोन जांभळे असतील तर ती फाटाफूट आहे, आणि स्लायडर हलवून ती कधीही जात नाही. एका टोकाला हिरवा काढला की दुसऱ्या टोकाला जांभळा वाढतो. त्याला प्रोफाइल किंवा लिनिअरायझेशनच (प्रत्येक छटा मोजून जागेवर बसवणं, ते शेवटी येईल) लागतं. फक्त ३० ते ६० टक्क्यांच्या पट्ट्यातच कास्ट दिसत असेल, तर आधी फिक्या सायन आणि फिक्या मॅजेंटावर संशय घ्या, कारण त्या पट्ट्यात यांचंच काम जास्त असतं. आणि ९०, ९५, १०० हे तीन चौकोन एकमेकांत मिसळून गेले असतील तर तो कास्टचा प्रश्नच नाही. शाई जास्त पडतेय किंवा मीडिया टाइप चुकीचा आहे.

प्रकाश बदलून बघा

सदाशिव पेठेतल्या एका ताईंनी घरातले जुने फोटो स्कॅन करून प्रिंट काढले होते. फोनवर त्यांचा सूर रडवेला: “दादा, सकाळी बघितले तेव्हा इतके छान होते हो. रात्री ट्यूब लावली आणि सासूबाई हिरव्या!”

“प्रिंटरला हात लावला नाहीत ना अजून?”

“तीन वेळा हेड क्लिनिंग केलं.”

त्या प्रिंटरचा काही दोष नव्हता. रंगीत शायांपासून बनवलेला राखाडी एका प्रकाशात राखाडी दिसतो आणि दुसऱ्यात नाही. याला मेटॅमेरिझम म्हणतात. दिवसाच्या उजेडात सगळ्या तरंगलांबी सलग असतात. स्वस्त एलईडी आणि सीएफएलच्या प्रकाशात काही ठिकाणी उंचवटे आणि काही ठिकाणी खड्डे असतात. पिवळ्या आणि मॅजेंटा शाईचा तोल त्या खड्ड्यात नेमका बिघडतो. तोच प्रिंट खिडकीशी, मग ट्यूबखाली, मग पिवळसर बल्बखाली बघा. प्रकाशागणिक झाक बदलत असेल तर नोझलला आणि प्रोफाइलला दोष देऊ नका. तिन्हीकडे हिरवाच दिसत असेल तर पुढे चला.

कुठल्या प्रकाशात प्रिंट लागणार आहे हे आधी ठरवलेलं बरं. प्रिंटिंगच्या धंद्यात ५००० केल्विनचा प्रकाश प्रमाण मानतात, पण दिवाणखान्यात तो कुणाकडे नसतो. बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन लावणार असाल तर एक प्रिंट तिथल्या दिव्यांखाली नेऊन बघा आणि मगच बाकीचे काढा. भिंतीवर सगळे फोटो टांगून झाल्यावर कळलं तर उपाय नसतो.

नोझल: फिक्या रंगांकडे डोळे फाडून बघा

नोझल चेक सगळे करतात, नीट बघत कुणी नाही. काळ्या आणि गडद सायनच्या रेघा अखंड दिसल्या की माणूस खूश होतो. कास्ट आणणारी तूट बहुतेक फिक्या मॅजेंटात असते, आणि पांढऱ्या कागदावर फिक्या गुलाबी रेघेतला तुटका भाग सहज नजरेतून सुटतो. कागद तिरपा धरा, भिंग लावा. पिवळी रेघ तर दिसतच नाही. त्याला एक युक्ती आहे: खोलीत अंधार करा, मोबाइलच्या पडद्यावर गडद निळं चित्र उघडा आणि त्याच्या उजेडात कागद धरा. पिवळी शाई निळा प्रकाश शोषते, त्यामुळे तीच रेघ काळी दिसते आणि तुटलेल्या जागा मोजता येतात.

तूट दिसली तर एक क्लिनिंग, पुन्हा चेक. दुसरं क्लिनिंग, पुन्हा चेक. तरीही नाही सुटलं तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी बघा. अडकलेली शाई कित्येकदा आपोआप मऊ होते. लागोपाठ क्लिनिंग करत बसलात तर शाई जाते ती जाते, शिवाय वाया गेलेली शाई टिपणारा आतला वेस्ट पॅड भरत जातो आणि एक दिवस प्रिंटर कामच बंद करतो.

पुण्यात नोझल अडकायचे हंगाम ठरलेले आहेत. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, त्यात सुट्टीला गावी गेलात की प्रिंटर तीन आठवडे मुका. आणि दुसरं कारण आपल्या ओळखीचं: गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. प्रिंट चालू असताना लाइट गेली की हेड आपल्या जागी जाऊन टोपीखाली बसत नाही, उघडंच राहतं आणि सुकतं. गुरुवारी प्रिंट काढू नका, निदान वेळापत्रक बघून काढा. प्रिंटर बंद करायचा तो त्याच्याच बटणानं, भिंतीवरच्या स्विचनं नाही, हेही त्याच कारणासाठी. आठवड्यातून एकदा सगळ्या शाया वापरणारं छोटं रंगीत पान काढलं तर यातलं बरंचसं टळतं.

सेटिंग: रंगाचा कारभार एकाकडेच हवा

नोझल अखंड आहेत, प्रकाश बदलून बघितला, तरीही सगळा प्रिंट जांभळट आणि गडद? मग फोटोशॉप आणि ड्रायव्हर दोघंही रंग सुधारताहेत. आईनं मीठ घातलं, आजीनं न विचारता पुन्हा घातलं, आमटीचं काय होतं ते ठाऊक आहे.

कागदाचं आयसीसी प्रोफाइल वापरायचं असेल तर फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडा, तिथे प्रोफाइल द्या आणि ड्रायव्हरमध्ये जाऊन रंगसुधारणा पूर्ण बंद करा. विंडोजवरच्या एपसन ड्रायव्हरात ते ‘नो कलर अॅडजस्टमेंट’ या नावानं सापडेल. विंडोज हे सेटिंग मधेच विसरतो. दर वेळी उघडून बघायचं, विश्वास ठेवायचा नाही.

उलट ड्रायव्हरचा कृष्णधवल मोड वापरणार असाल, म्हणजे एपसनचा ‘अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट फोटो’ किंवा कॅननच्या वरच्या श्रेणीतला तसाच पर्याय, तर फोटोशॉपमध्ये ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’. प्रोफाइल द्यायचं नाही. या मोडमध्ये न्यूट्रल, कूल, वॉर्म, सेपिया असे टोन असतात आणि एक रंगचक्र असतं. त्यातला ठिपका सरकवला की सगळ्या छटांना एकसारखी झाक लागते. पट्टीवर सगळे चौकोन एकाच बाजूला झुकलेले असतील तर हे चक्र पुरेसं आहे. हिरवट असेल तर ठिपका मॅजेंटाकडे किंचित, अगदी किंचित. शिवाय ‘टोन’ नावाचं वेगळं खातं असतं, आणि काही ड्रायव्हरांत ते मुळातच ‘डार्कर’वर असतं. सावल्या बुजलेल्या वाटल्या तर आधी ते ‘डार्क’ किंवा ‘नॉर्मल’ करा, फोटो उजळत बसू नका.

ग्रेस्केलमध्ये रूपांतर करताना आणखी एक फसगत होते. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये ग्रेसाठी ‘डॉट गेन २० टक्के’ निवडलेलं असण्याची शक्यता असते. ते ऑफसेट छपाईसाठी आहे. इंकजेटला ग्रे गॅमा २.२ ठेवा, नाहीतर मधल्या छटा दर वेळी वेगळ्या येतील आणि आपण शाईला दोष देत राहू.

प्रिंट फक्त गडद येतोय, कास्ट नाही, तर मॉनिटरचा उजेड कमी करा. लॅपटॉप पूर्ण तेजावर ठेवून फोटो सुधारले की प्रिंट काळोखी येणारच.

कागद, आणि जून ते सप्टेंबर

मीडिया टाइप म्हणजे कागदाचं नाव नव्हे, ते ‘किती शाई टाकायची’ याचं सेटिंग आहे. बाजारातला बिनानावाचा २७० जीएसएम ग्लॉसी आणि प्रिंटर कंपनीचा ग्लॉसी यांची शाई पिण्याची ताकद वेगळी असते. शाई जास्त झाली की गडद भागात तिचं तळं साचतं आणि तिथे झाक बदलते. दुसऱ्या कागदाचा मीडिया टाइप देऊन पट्टी काढा. ९० आणि १०० चे चौकोन वेगळे दिसायला लागले की तुमचं उत्तर सापडलं.

कागदाची बाजूही तपासा. मॅट कागदाला बहुधा एकाच बाजूला लेप असतो. ओठाला लावून ओलसर केलेलं बोट कोपऱ्यात टेकवा, जी बाजू चिकटते ती छापायची. प्रिंटरात दोन्ही काळ्या असतील तर मॅट कागदाला मॅट ब्लॅक आणि ग्लॉसी किंवा लस्टरला (अर्धवट चकाकीच्या कागदाला) फोटो ब्लॅक शाई. उलट केलं तर ग्लॉसीवरचा काळा बोटाला लागतो आणि मॅटवरचा काळा राखाडी होतो. मॅट कागदाची काळेपणाची कमाल घनता साधारण १.६ ते १.७ असते, चांगल्या लस्टर किंवा बरायटा कागदावर ती २.२ च्या वर जाते. म्हणून मॅटवर ‘काळा फिका वाटतो’ ही तक्रार बरेचदा कागदाच्या स्वभावाबद्दलची असते, बिघाडाबद्दलची नाही.

हातकागदाचा मोह पुण्यात सगळ्यांनाच होतो. पोत सुंदर, कडा सुंदर. पण त्यावर इंकजेटचा लेप नसतो. शाई तंतूंत उतरते, काळा मरतो, आणि ड्रायव्हरचा सगळा हिशोब कोलमडतो. छापा जरूर, पण कास्ट शोधायच्या चाचण्या त्यावर करू नका.

अतिशुभ्र कागदांत ब्राइटनर असतात. अतिनील किरण मिळाले की ते निळसर चमकतात. खिडकीशी थंड दिसणारा प्रिंट अतिनील अडवणाऱ्या काचेच्या फ्रेममध्ये गेला आणि पिवळट वाटला, तर शाई तीच आहे, काचेनं किरण अडवलेत.

पावसाळ्यात कागद ओल धरतो. शाई पसरते, सुकायला वेळ लागतो, कडा वर येऊन हेडला घासतात आणि काळे डाग पडतात. उघडं पाकीट कपाटात नुसतं ठेवायचं नाही. झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि छापायच्या थोडा वेळ आधी लागतील तेवढेच कागद बाहेर काढा. जुलैमधल्या पट्टीची मार्चमधल्या पट्टीशी तुलना करताना हे लक्षात ठेवा. मागे पेन्सिलीनं तारीख लिहायला सांगितली ती यासाठीसुद्धा.

बाटलीतली शाई बदलली असेल, एका कंपनीच्या शिल्लक शाईवर दुसऱ्या कंपनीची ओतली असेल, तर आधीची सगळी सेटिंग्ज बाद. स्वस्त डाय शाईचा प्रिंट उघडा ठेवल्यावर काही आठवड्यांत लालसर होत असेल तर हवेतल्या ओझोननं सायन खाल्लेली असते. ती छापतानाची चूक नव्हे. काच लावा किंवा शाई बदला.

एवढं करूनही फाटाफूट राहिली तर

इथे सॉफ्टवेअरची पाळी येते. एपसनवाल्यांसाठी रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोनरिप आहे. ते नेहमीच्या ड्रायव्हरला बाजूला सारून प्रत्येक शाई किती आणि कुठल्या छटेपाशी पडावी हे थेट ठरवू देतं. सगळी मॉडेल्स त्यात चालत नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी यादी बघा. शिकायचा क्रम असा: आधी कॅलिब्रेशन मोडमध्ये प्रत्येक शाईची स्वतंत्र पट्टी काढायची आणि कुठे शाई वाढवूनही काळेपणा वाढत नाही ते बघायचं. ती त्या कागदावरची त्या शाईची मर्यादा. मग राखाडी शायांचा वक्र (कुठल्या छटेला किती शाई याचा आलेख) बसवायचा आणि रंगीत शाई फक्त झाक दुरुस्त करण्यापुरती द्यायची. शेवटी एकवीस चौकोनांची पट्टी मोजून लिनिअरायझेशन, म्हणजे ५० टक्के मागितले की कागदावर मोजून ५० टक्क्यांच्या जागीच पडायला हवेत. नवशिक्यांना एक वॉर्म आणि एक कूल असे तयार वक्र घेऊन त्यांचं प्रमाण बदलत राहणं जास्त सोपं जातं. छाया आणि उजळ भाग यांना वेगळं प्रमाण देता येतं, आणि फिकट हिरवे-गडद जांभळे ही फाटाफूट नेमकी तिथेच मिटते.

मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो आणि तो महाग असतो. एकट्यानं घेण्यात अर्थ नाही. चार जणांनी मिळून घ्या, किंवा ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे वाळलेली पट्टी घेऊन जा. जॉन कोन यांच्या पिझोग्राफीसारख्या पद्धतीत तर रंगीत शाया काढूनच टाकतात आणि सगळ्या नळ्यांत राखाडीच्या वेगवेगळ्या छटा भरतात. प्रकाश बदलल्यानं झाक बदलायचा प्रश्न तिथे जवळजवळ उरत नाही, पण त्या प्रिंटरवर मग रंगीत काही निघत नाही. वाढदिवसाचे फोटोही त्याच प्रिंटरवर काढायचे असतील तर या वाटेला जाऊ नका.

आणि एल८०५ सारखा एकाच काळ्या शाईचा प्रिंटर असेल तर माझं स्पष्ट मत: शुद्ध न्यूट्रलच्या मागे लागू नका. तो एका प्रकाशात साधेल, दुसऱ्यात सुटेल. फाइल आरजीबीमध्ये घ्या, फोटोशॉपमधल्या वक्रानं मुद्दाम थोडी उबदार झाक द्या, लॅब नावाच्या रंगमापन पद्धतीच्या भाषेत बी (निळा-पिवळा) अक्षावर चार-पाच एकक पिवळ्याकडे. ट्यूबखाली ती जरा कमी होईल, बल्बखाली जरा वाढेल, पण दोन्हीकडे ती मुद्दाम दिलेली वाटेल. हिरवा मात्र कुठेच दिसता कामा नये, म्हणून ए (हिरवा-मॅजेंटा) अक्ष शून्याच्या किंचित मॅजेंटाकडेच ठेवा. तीच एकवीस चौकोनांची पट्टी या वक्रासह काढा आणि रात्री ट्यूबखाली ३० ते ६० चे चौकोन बघा. तिथे हिरवट दिसलं तर ए अक्ष अर्धा एकक आणखी सरकवा, आणि पुन्हा काढा.